ठरल्याशिवाय पाणी नाही

गयामावशीनं पाणी मागितलं की लग्न जमलं, हे आमच्या बोरी गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती सोयरिकी जमवायची. स्थळ घेऊन एखाद्या घरी गेली की ठरेपर्यंत त्या घरचा घोटही घ्यायची नाही. मे महिन्याचं ऊन असो, जिंतूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं आलेली असो, पिशवीतली स्वतःची बाटली काढायची आणि भिंतीला टेकायची. घरचे आपले अजीजीनं म्हणायचे, "मावशी, निदान चहा तरी घ्या."

"च्या घेतला की जीभ मऊ पडती बाई," ती म्हणायची. "मग खरं बोलवत न्हाई."

बोलणी चालायची, रुसवेफुगवे व्हायचे, आणि मधेच ती सहज म्हणायची, "पानी आण गं." की आतल्या बायकांत हशा पिकायचा आणि कुणीतरी साखरेचा डबा शोधायला धावायचं. नाही ठरलं तरीही निघता निघता ती घोटभर पाणी प्यायची, फक्त मग पेला पालथा घालून उठायची. त्या घरी त्या स्थळाचं नाव पुन्हा काढायची नाही. "हो म्हना, न्हाई म्हना, पर लोंबकळत ठेवू नगा," असं तिचं म्हणणं. "दोरीवर धुनं वाळतं. सोयरीक वाळली की संपली."

माझं स्टँडजवळ मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, बिडिंगच्या लेसी. दुपारी गिऱ्हाईक नसतं. समोरच्या कडुनिंबाची सावली दुकानाच्या पायरीपर्यंत येते, एसट्या धूळ उडवून जातात, आणि सगळं गाव डोळे अर्धे मिटून बसल्यासारखं होतं. त्या वेळी गयामावशी यायची. माझ्या स्टुलावर बसायची, माझ्या माठातलं पाणी निम्मं संपवायची (इथं काही ठरायचं नव्हतं, म्हणून चालायचं), आणि मिसरी लावत जिल्ह्यातली घरं माझ्यापुढं उघडायची. पाथरीच्या अमक्यांची सून कशी, परभणीत कुणाचा पोरगा बँकेत लागला, कुणाच्या घरी सासू दाराला कान लावून बसते. कागद नाही, पेन नाही, सगळं डोक्यात. मी अस्तर कापता कापता ऐकायची. कधीकधी ऐकता ऐकता मला डुलकी लागायची आणि स्वप्नात मी भलत्याच्याच मांडवात अक्षता टाकत असायची. जागी व्हायची तर मावशीचं तेच चालू.

दिसायला बारीक, काळीसावळी, नाकात ठसठशीत नथीचं भोक पण नथ नाही. चालायला लागली की पदर खोचून अशी निघायची की जणू एसटी तिच्यासाठीच थांबलीय. आणि खरंच थांबायची. निम्म्या कंडक्टरांची लग्नं तिनं जमवली होती.

तिची चौकशी म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. मुलाच्या घरी ती आधी जायचीच नाही. त्या गावात उतरायची, पिठाच्या गिरणीत बसायची, न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभी राहायची, शाळेच्या खिचडीवाल्या बाईशी बोलायची. "दिवानखान्यात समदे देवमानूसच असतेत सुनंदा," मला सांगायची. "खरं गिरनीत कळतं." एकदा एका पोराच्या दोन-दोन पदव्या ऐकून मुलीचा बाप हरखून गेला होता. मावशी त्या गावी जाऊन आली आणि म्हणाली, "पदव्या खऱ्या हायेत. पर ते पोरगं आईला अगं-तुगं करून वसकतंय, दळन टाकायला आलेल्या चार बाया सांगायल्यात." पेला पालथा.

पण पदवी ती विचारायचीच. पहिला प्रश्न तोच. मुलगा असो, मुलगी असो, "पदवी काय?" त्यातही मुलीला जास्त. बारावी झालेली मुलगी घेऊन कुणी आलं की सरळ म्हणायची, "आदी पदवी करू द्या तिची. मग या माझ्याकडं." लोक चिडायचे. स्वतः चौथी पास बाई आणि नखरे किती, म्हणायचे. कारण मला माहीत होतं, म्हणून मी गप्प असायची.

तिची एकुलती एक लेक लता. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि मावशीनंच तिचं लग्न लावून दिलं. स्थळ सोन्यासारखं, जावई जवळच्याच गावात शाळेवर शिक्षक. एवढं चांगलं स्थळ पुन्हा यायचं नाही म्हणून परीक्षेची वाट बघितली नाही. आणि लेकरू मांडीवर असताना जावई गेला. शाळेनं माणुसकी दाखवली, लताला कामावर घेतलं. पदवी असती तर हापिसात बसवलं असतं, म्हणाले. नव्हती, म्हणून शिपाई. नवरा ज्या वर्गात शिकवायचा त्या वर्गाची घंटा ती द्यायला लागली. त्याच्या बरोबरीच्या गुरुजींना ट्रेमधून पाणी द्यायला लागली. ती लेकराला घेऊन माहेरी राहायला आली, आणि रोज सकाळी रिक्षानं शाळेत जायची. मावशी मला एकदाच म्हणाली होती, "समद्या जिल्ह्याच्या चौकश्या केल्या गं, आन घरच्या लेकीचं पुस्तक मीच मिटलं." तेवढं बोलून मिसरीची डबी कितीतरी वेळ नुसतीच हातात फिरवत बसली.

ते लेकरू म्हणजे वैष्णवी. मावशीची वैशू.

पोर लहानपणापासून आभाळाकडं बघणारी. आमच्या गावावरून विमानं जातात, फार उंचावरून. आवाज येतो न येतो, नुसती एक पांढरी रेघ उमटते आणि हळूहळू पिंजल्या कापसागत पसरते. ही पोर शाळेतून येताना माझ्या दुकानासमोर मान वर करून उभी. "रिक्षाखाली येशील बये!" म्हणून मी ओरडायची. ती म्हणायची, "काकू, त्यातल्या लोकांना आपण दिसत असू का?" मी म्हणायची, "त्यांना झोपा लागल्या असतील." तर म्हणायची, "पण चालवणाऱ्याला दिसत असेल ना." 

बारावी झाली. शास्त्र शाखा, गणित, भौतिक, मार्क चांगले. आणि पोरीनं जाहीर केलं की मला पायलट व्हायचंय, विमानशाळेत जायचंय, आणि त्याला पदवी लागत नाही.

नेमकं तेच वाक्य तिनं आजीपुढं म्हणायला नको होतं.

"लागत न्हाई?" मावशी म्हणाली. "किराण्याच्या दुकानात पुड्या बांधनाऱ्या पोराला आजकाल पदवी इचारायलेत, आन इमान बारावीवर?"

"हो, आजी. बारावी, गणित-फिजिक्स, आणि डोळे-कान-काळीज धडधाकट. बाकी तिथं शिकवतात."

"आदी बीएस्सी कर. मग उड कुटं उडायचं ते."

गावात तर जत्राच भरली. प्रत्येकाला विमानातलं कळायला लागलं. चक्कीवाले म्हणाले, डिग्रीशिवाय गॉगलसुद्धा देत नाहीत. ग्रामपंचायतीतले एकजण म्हणाले, म्हणजे ड्रायव्हरच की, एवढं शिकून ड्रायव्हर? आमच्या घरचे म्हणाले, ड्रायव्हरची पोस्ट, पण एसीतली. पोरगी हसून सोडून द्यायची. तिला फक्त आजीचं हो पाहिजे होतं. लता बिचारी दोघींच्या मधे. तिला विचारलं तर म्हणायची, "मला काय विचारता, मी घंटा देणारी." इतकं तुटक म्हणायची की पुढं विचारवत नसे.

आणि मग वैशूनं ते केलं. आजीच्याच घरात आजीचाच कायदा लावला. ठरेपर्यंत घरचं पाणी बंद. भाकरी खायची, भाजी खायची, आजीच्या कुशीत झोपायची, पण पाणी प्यायला माझ्या दुकानात यायची. प्लॅस्टिकची बाटली माठात बुडवून भरायची. मी म्हटलं, "अगं, आजीच्या जिवाला काय वाटत असेल?" तर पोरगी म्हणते, "काकू, तिनंच शिकवलंय. हो म्हणा, नाही म्हणा, लोंबकळत ठेवू नका." नात कुणाची!

मावशी रोज दुपारी त्याच स्टुलावर बसायची आणि त्या माठाकडं बघायची. बोलणं आटलं होतं. घरं उघडणं बंद. एके दिवशी एकदम म्हणाली, "सुनंदा, उद्या दुकान बंद ठेव. चौकशीला जायचंय."

"कुणाच्या?"

"इमानाच्या."

ती विमानशाळा दुसऱ्या जिल्ह्यात होती. दोन एसट्या बदलून, पुढं रिक्षा. गाव मागं पडलं, रान लागलं, आणि रानाच्या मधोमध तारेच्या कुंपणाआड एक लांबच लांब काळी पट्टी. बाजूला एक शेड, त्यात छोटी छोटी पांढरी विमानं, आणि सगळीकडं शांत. इतकं शांत की गवतातला वारा ऐकू येत होता. मला वाटलं होतं विमान म्हणजे काहीतरी भलंमोठं. ही तर शेतात बसलेल्या बगळ्यांसारखी. मी आपली बघतच राहिले.

मावशी मात्र कामाला लागली. फाटकाकडं गेलीच नाही. समोर टपरी होती, तिथं बसली. चहा? नाही. बाटली काढली. टपरीवाल्याला म्हणाली, "इतली लेकरं कशी हायेत बाबा? पिऊन-बिऊन येतेत का?" तो म्हणाला, "छ्या आजी, यांना पोटभर झोपायला लागतं, पहाटेच उडवतेत." मग पहारेकऱ्याला गाठलं, पोरींचं वसतिगृह कुठं, फाटकाला कुलूप कोण लावतं. मग तिथं स्वयंपाक करणाऱ्या बाईला. ती भाजी घेऊन येत होती. मावशीनं तिच्या पिशवीतली मेथी निवडायला घेतली आणि अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं. पोरींना कढी आवडते. एखादी पोरगी पहिल्यांदा एकटी उडून आली की सगळे तिच्यावर बादलीभर पाणी ओततात. मागं एक पोरगी घाबरून घरी गेली आणि पुन्हा परत आली.

"पानी वततेत?" मावशीनं विचारलं.

"हो ना. रीतच आहे इथली. नवरीला हळदीचं पाणी घालतेत तसं."

मावशीनं मेथीची जुडी खाली ठेवली. मला तिचा चेहरा कळेना.

शेवटी आत गेलो. तिथं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या. मावशीला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मावशीनं हात आडवा केला. "अजून न्हाई. आदी बोलू." बाई जरा गोंधळल्या, मी डोळ्यांनीच त्यांना थांबायला सांगितलं.

"पदवी लागती का न्हाई, एवढंच सांगा. खरं सांगा."

"लायसन्सला लागत नाही आजी. बारावी, गणित आणि भौतिक, आणि मेडिकल तपासणी. नोकरी देताना काही कंपन्या पदवीला मान देतात, बऱ्याच विचारतही नाहीत. हात बसला पाहिजे, डोकं थंड पाहिजे."

"तुमची झाली हुती?"

"नव्हती. मी बारावीनंतर आले."

"मग तुमची सोयरीक कुनी जमवली?"

बाई खळखळून हसल्या. "माझी मीच जमवली, आजी."

मावशीनं मान हलवली, म्हणजे ते तिला पटलं नव्हतं, पण पुढं गेली. मग तिनं जे विचारलं ते विचारायलाच ती एवढ्या लांब आली होती, हे मला तेव्हा कळलं. खुर्चीच्या कडेला सरकून ती म्हणाली, "बाई, उद्या तिचा डोळा गेला. कान गेला. न्हाई तर लगीन झालं, आन नशीब फिरलं. इमानातनं उतरवली तिला. मग माझ्या पोरीनं काय करायचं? पानी वाटायचं का लोकाला?"

बाई हसायच्या थांबल्या. त्यांना लताचं काही माहीत नव्हतं, पण प्रश्न खरा आहे एवढं कळलं असावं. म्हणाल्या, "ही भीती मलाही असते, आजी. मेडिकलमध्ये अडकलेले माझे ओळखीचे आहेत. म्हणून मी उडता उडता बाहेरून पदवी केली. पुष्कळजण करतात. पुस्तक पळून जात नाही. आधी पंख, मग पुस्तक, असंही चालतं."

"उलटं चालतं?"

"चालतं."

मावशीनं ते दोनदा स्वतःशीच म्हटलं. उलटं चालतं. उलटं चालतं. तेवढ्यात बाहेर एक विमान पट्टीवरून धावायला लागलं. आम्ही दारात आलो. आधी वाटलं हे काही उठत नाही. मग चाकं जमिनीवरून सुटली, अगदी अलगद, आईच्या कडेवरून लेकरू उतरावं तशी, पण वरच्या बाजूला. चालवणारी एक मुलगीच होती, तिची वेणी काचेतून दिसली. विमान लहान होत गेलं, उन्हात एकदा चमकलं आणि मग नुसतं आभाळ राहिलं. मावशी तोंड उघडं टाकून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, ऊन होतं म्हणा किंवा काही म्हणा.

मग ती म्हणाली, "पानी आणा हो बाई."

पेला भरून आला. ती घटाघटा प्याली आणि सरळ, उभा ठेवला. मला असं भरून आलं की मीच त्या बाईंच्या गळ्यात पडले. त्या बाई काय समजल्या देव जाणे.

घरी आलो तर वैशू ओट्यावर. मावशी आत गेली, तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला.  पोरीनं आजीच्या तोंडाकडं बघितलं, तांब्या घेतला आणि पिता पिता रडायला लागली, निम्मं पाणी ड्रेसवर. लता आतून म्हणाली, "अगं, सांडतंय!" आणि तीही रडत होती. मावशी दटावून म्हणाली, "पर पदवी सुटली न्हाई तुला. बाहेरून करायची. माझ्या डोक्यावर हात ठिवून शपथ घे." पोरीनं घेतली. विमानशाळेच्या फीपायी मावशीचं विहिरीजवळचं रान विकलं गेलं. मावशीनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मग मीही वाढवत नाही.

वैशू उडायला लागली. आधी लहान, मग मोठ्या विमानात दुसऱ्या खुर्चीवर. सुट्टीला आली की गाव तिच्याभोवती. ज्यांनी गॉगल मिळत नाही म्हटलं होतं तेच गॉगल घालून फोटो काढायला पुढं. आणि मग परभणीहून स्थळ आलं. मावशीकडं जमवायला नव्हे, मावशीच्याच नातीला. मुलाचे वडील कॉलेजात प्राध्यापक, घरात सगळे शिकलेले, मुलगाही चांगला होता हो, खोटं कशाला बोलू. चहा झाला, पोहे आले. वडील घसा खाकरून म्हणाले, "बाकी सगळं उत्तमच आहे. फक्त शिक्षण… म्हणजे सध्या बारावीच म्हणायचं ना?"

 मी मावशीकडं बघेना.

"बीएच्या शेवटच्या वर्षाला हाय," मावशी म्हणाली.

"हो, पण आज तरी… आमच्याकडं सगळे पोस्ट ग्रॅज्युएट. चार लोकांत सांगताना पदवी असली की बरं."

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. जुना ओळखीचा माणूस कुठं पाहिला होता ते आठवावं तसं. मग म्हणाली, "सर, तुमचा दोष न्हाई. म्या जलमभर हेच इचारलं. कितीक लेकरांला दारातनं माघारी लावलं. पर म्या पोरीच्या पाठीला आधार असावा म्हनून इचारायची. तुमी चार लोकांसाठी इचारायलाव. लता, मला पानी दे."

लतानं पाणी दिलं. मावशी प्याली आणि स्वतःच्याच घरात, पाहुण्यांसमोर, पेला पालथा घातला. "पोहे संपवून जावा," म्हणाली. "अन्नावर राग न्हाई." प्राध्यापकांना पेल्याचं कळलं नाही, पण मी आत पळाले, आणि तिथं वैशू आणि मी तोंडाला पदर लावून हसत होतो. पदर माझाच, तोंडं दोन.

त्यानंतर मावशीनं सोयरिकी कमी केल्या. जमवली तरी पहिला प्रश्न बदलला. "पोरीला काय आवडतं?" असं विचारायला लागली. लोक बुचकळ्यात पडायचे. आईबापांना माहीतच नसायचं.

ती गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. वैशूची पदवी तिनं बघितली, हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि लताकडं दिली. "तू ठिव," म्हणाली. एवढंच.

मला ती दिसते ती तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली. अंगात त्राण नव्हतं, पण दुपार कलली की काठी टेकत दुकानावर यायची. वैशूनं फोनवर सांगून ठेवलं होतं की आजकाल कधीकधी आपल्या गावावरून जाते, संध्याकाळच्या आधी. कधी, कुठलं विमान, ते नक्की नाही. त्या दिवशी कडुनिंबाच्या शेंड्यावर रेघ उमटली. मावशी स्टुलावरून उठली. "सुनंदा, पेला भर."

मी भरून दिला. ती पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेली आणि पेला दोन्ही हातांनी वर धरला, पाहुण्याला धरतात तसा. रिक्षावाले थांबले. मी म्हटलं, "मावशी, ती वैशूच आहे कशावरून? कुणीही असेल."

"आसंना," ती म्हणाली. "कुनाची तरी पोरगी आसंल. दारावरनं चाललेल्या मानसाला पानी इचारावं."

रेघ पसरत गेली, कापसागत झाली, मग तीही विरली. पाणी मावशीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, तरी पेला वरच होता.